प्रादेशिक म्हणजे कुठल्या प्रदेशाचं?

२ ऑक्टोबर १९७२ ला, गांधीजयंतीच्या दिवशी, मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झालं. देशातलं हे दुसरं केंद्र. पहिलं दिल्लीचं, १५ सप्टेंबर १९५९ चं. म्हणजे दिल्लीनं टीव्ही पाहिला आणि त्यानंतर तेरा वर्षांनी मुंबईला तो मिळाला. सिनेमाची राजधानी, नाटकांचं माहेर, जाहिरातींचं आणि पैशाचं शहर, पण घरात चित्र यायला तेरा वर्षं थांबावं लागलं.

त्या दिल्लीच्या सुरुवातीतही एक मराठी माणूस होताच. पु. ल. देशपांडे तेव्हा आकाशवाणीच्या नोकरीत होते आणि नव्या माध्यमाचं काम शिकून आलेले होते. पंडित नेहरूंची दूरचित्रवाणीवरची पहिली मुलाखत त्यांनी घेतली असं सांगितलं जातं. हेच पु. ल. त्याआधी काही काळ आमच्या बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. ‘गणगोत’मधले रावसाहेब त्यांना भेटले ते इथंच. आता बेळगावकरांना पु. लं.चा विषय निघाला की एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्याला इलाज नाही.

मुंबई दूरदर्शनच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. त्या बहुतेक वरळीच्या मनोऱ्याखालच्या आहेत. तिथं कोण काम करत होतं, कुणाची गंमत कशी झाली, स्टुडिओत कोण कोण मोठी माणसं येऊन गेली. वाचायला छान वाटतं. पण या केंद्राच्या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे. त्या मनोऱ्याच्या लहरी जिथवर पोचल्या नाहीत तिथल्या मराठी माणसांची बाजू. बेळगाव, निपाणी, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद. आपण सगळ्याजणी त्या बाजूच्या.

थोडं तांत्रिक सांगते, कारण सगळं त्यावरच अवलंबून होतं. रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, रात्री तर आकाशातून परतून शेकडो मैलांवर उतरतात. म्हणून आमच्याकडं आकाशवाणीची सांगली, पुणे, पणजी, धारवाड ही सगळी केंद्रं लागायची. खरखर व्हायची, पण लागायची. राज्याची सीमा कुठं आहे हे रेडिओला ठाऊक नव्हतं. टीव्हीच्या लहरींचं तसं नाही. त्या साधारण आपल्या नजरेसारख्या सरळ जातात. डोंगर आला की अडल्या, क्षितिज आलं की संपल्या. म्हणून मनोरा उंच पाहिजे आणि कितीही उंच केला तरी काही दहा-वीस कोसांच्या पलीकडं चित्र दिसायचं नाही. पुण्याला चित्र द्यायचं तर मध्ये सह्याद्री उभा. म्हणून १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारलं, मुंबईचं चित्र तिथं घ्यायचं आणि पुण्याकडं सोडायचं. तानाजीनं घोरपड लावली तिथं आता लोखंडाचा खांब उभा राहिला आणि त्या खांबाच्या पलीकडं, दक्षिणेला, बराच काळ काहीच नव्हतं.

सुरुवातीच्या वर्षांत त्याचं नाव दूरदर्शन नव्हतंच. टीव्ही हा आकाशवाणीचाच एक भाग होता. १ एप्रिल १९७६ ला तो वेगळा झाला आणि दूरदर्शन हे स्वतंत्र खातं झालं. त्याचे पहिले महासंचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती, मुंबई केंद्राची सुरुवातीची जबाबदारीही त्यांच्याकडंच होती. घरात टीव्ही ठेवायला परवाना लागायचा, दरवर्षी पोस्टात पैसे भरून नवा करून घ्यायचा. आजच्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात.

प्रक्षेपण संध्याकाळचं, थोडे तास. आणि इथं एक गंमत सांगते. आपल्या जैन घरांत सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकलेली असतात. दिवेलागणीला इतर घरांत कणीक मळायला घेतलेली असते तेव्हा आपल्या बायकांचा ओटा धुऊन झालेला असतो. माझी आत्या लग्न होऊन मुंबईत गेली, तिच्या चाळीत पहिल्यांदा ज्या घरी टीव्ही आला त्या घरी सगळ्यात आधी जागा धरून बसायची ती आत्याच. शेजारणी कुकरची शिट्टी मोजत आत-बाहेर करायच्या आणि मध्ये काय झालं ते आत्याला विचारायच्या. धर्माचा असाही उपयोग.

ती पाहायची तरी काय? ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम. मुंबईच्या चाळीत बसून करपा रोगाची आणि खताच्या मात्रांची माहिती ऐकणारी हजारो माणसं तेव्हा होती. ज्यांच्यासाठी कार्यक्रम केला त्यातल्या फार थोड्यांच्या गावी तो मनोरा दिसत होता आणि ज्यांना दिसत होता त्यांच्याकडं कुंडीतली तुळस सोडून शेती नव्हती. तरी लोक पाहायचे. कारण त्यात बोलणारा माणूस त्यांच्या गावच्या माणसासारखा बोलायचा. कामगारांसाठी ‘कामगार विश्व’, मुलांसाठी ‘किलबिल’, तरुणांसाठी ‘युवदर्शन’, साहित्यासाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, हसण्यासाठी विनायक चासकरांचा ‘गजरा’. आकाशानंदांचा ‘ज्ञानदीप’ तर नुसता कार्यक्रम राहिला नाही, त्याच्या नावानं गावोगाव मंडळं निघाली. गुजराती बायकांना ‘आवो मारी साथे’ होतं. हिंदीत तबस्सुम यांचं ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ १९७२ पासून पुढं एकवीस वर्षं चाललं. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. आणि पुढच्या आठवड्यात काय काय दाखवणार ते सांगणारी ‘साप्ताहिकी’, तीही लोक कार्यक्रम म्हणून आवडीनं पाहायचे!

या सगळ्यात मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच. पडद्यावर बाई कामावर दिसली. सिनेमात बाई होतीच, पण ती प्रेमात, दुःखात किंवा नाचात. इथं ती टेबलामागं बसून जगाच्या बातम्या सांगत होती. सांगलीच्या भक्ती बर्वे. ‘ती फुलराणी’ नाटकानं त्यांचं नाव घरोघर झालं ते १९७५ मध्ये, पण मुंबईच्या लोकांना तो चेहरा आणि तो स्वच्छ आवाज आधीच ओळखीचा होता. पुढं बहिणाबाई चौधरींची भूमिका त्यांनी दूरदर्शनवर केली ती पाहिलेल्या बायका आजही त्याबद्दल बोलतात. दुसरी स्मिता पाटील. विशीच्या आतबाहेरची मुलगी, सावळी, मोठ्या डोळ्यांची. ती जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसायची ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की आता ती दंतकथाच झाली. मला त्या गोष्टीत नुसती गंमत दिसत नाही. कॅमेऱ्याला कमरेच्या वरचीच बाई लागायची आणि ती साडीतली लागायची, एवढं त्या मुलीनं ओळखलं होतं. श्याम बेनेगल यांनी तिला या पडद्यावर पाहिलं आणि ती सिनेमात गेली. तो चेहरा गोरापान नव्हता हेही लक्षात ठेवायला हवं. काळ्या-पांढऱ्या टीव्हीनं सावळ्या मुलींवर एक उपकार केला, त्यात सगळ्याच जणी करड्या दिसायच्या.

कॅमेऱ्याच्या मागंही बायका होत्या. सुहासिनी मुळगावकर, विजया जोगळेकर-धुमाळे या निर्मात्या होत्या, म्हणजे काय दाखवायचं, कुणाला बोलवायचं, किती मिनिटं द्यायची हे ठरवणाऱ्या. आणि त्याच केंद्रावरून आपल्यासाठी ‘सुंदर माझं घर’ नावाचा कार्यक्रम लागायचा. आता पाहा, घर कसं सुंदर ठेवावं हे सांगायला ज्या बायका लागत होत्या त्या स्वतः संध्याकाळी घराबाहेर होत्या, नोकरीवर. त्यांची घरं तेव्हा कोण सुंदर ठेवत होतं? मी हे टोमणा म्हणून म्हणत नाही. ज्या बायका पाहत होत्या त्यांनी दोन्ही पाहिलं. पाककृतीही लिहून घेतली आणि ती सांगणारी बाई पगार घेते हेही मनात टिपून ठेवलं. माझ्या आत्यानं पुढं मुलीला शिकवलं, नोकरी करू दिली, ते काही कुठल्या भाषणामुळं नव्हे. रोज संध्याकाळी ती जे बघत होती त्याचाही त्यात वाटा असणार.

‘चिमणराव’विषयी थोडं जास्त लिहायला हवं, कारण ती आपली गोष्ट आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडं विजया जोगळेकर-धुमाळे यांनी चि. वि. जोशींच्या कथांवरून ही मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ती इतकी गाजली की या दोघांना लोक रस्त्यात त्याच नावांनी हाक मारायला लागले. पण चि. वि. जोशी राहत कुठं होते? बडोद्यात! बडोदा कॉलेजात ते पाली भाषा शिकवत. सयाजीरावांच्या बडोद्यानं मराठीला जे दिलं त्याचा हिशेब मांडायचा तर वेगळा लेख होईल, पण एवढं खरं की मुंबई केंद्राचं सगळ्यात लाडकं मराठी कुटुंब ज्याच्या लेखणीतून आलं तो लेखक महाराष्ट्राबाहेर राहून लिहीत होता. आणि ही मालिका बडोद्याच्या मराठी घरांत दिसत नव्हती. मनोरा चारशे किलोमीटर दूर. चि. वि. तर १९६३ मध्येच गेले होते, पण त्यांच्या शेजारपाजारच्या माणसांना, ज्यांनी त्यांना रस्त्यानं जाताना पाहिलं होतं, त्यांना चिमणराव कसा बोलतो हे दिसायला हवं होतं असं मला वाटत राहतं.

आमच्याकडं हे कार्यक्रम वाचायला मिळायचे. होय, वाचायला. मुंबईहून येणाऱ्या वर्तमानपत्रात कार्यक्रमांची यादी असायची आणि आत्याची पत्रं यायची. त्यात ‘श्वेतांबरा’ नावाच्या मराठी मालिकेचा उल्लेख एकदा आला. आमच्या आजीनं ते नाव ऐकून ताबडतोब विचारलं, “श्वेतांबरांची झाली, मग दिगंबरांची कधी लागणार?” त्या मालिकेचा आपल्या कुठल्याच पंथाशी संबंध नाही हे तिला समजावून सांगायला वडिलांना बराच वेळ लागला आणि पटलं असं काही दिसलं नाही.

न दिसण्याचं कारण नुसतं तंत्राचं होतं, असं पुष्कळ वर्षं आम्हाला वाटायचं. डोंगर आहे, अंतर आहे, काय करणार. पण १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहाची मदत घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट आकाशातून टीव्ही दाखवला गेला. त्यात कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे होते. म्हणजे आमच्या शेजारच्या विजापूरच्या खेड्यात, जिथं वीजसुद्धा धड नव्हती, तिथं लोकांनी पारावर बसून टीव्ही पाहिला, कन्नडमधून, आणि तो शेतीचा आणि आरोग्याचा होता. तेव्हाच कळायला हवं होतं की डोंगर ओलांडता येतो. कुणासाठी ओलांडायचा आणि कुठल्या भाषेत, एवढंच ठरवायचं असतं.

पुढं तो ओलांडला गेला. १९८२ हे वर्ष टीव्हीच्या इतिहासात रंगाचं वर्ष म्हणून सांगतात. १५ ऑगस्टपासून रंग आला, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ झाले, लोकांनी रंगीत संच घेतले. पण त्याच १५ ऑगस्टला दुसरीही गोष्ट सुरू झाली, राष्ट्रीय कार्यक्रम. रात्रीची ठरावीक वेळ आता साऱ्या केंद्रांनी दिल्लीला द्यायची. जेवणं आटोपून घरातली सगळी माणसं एकत्र बसतात ती नेमकी वेळ. मुंबई केंद्राला उरली संध्याकाळ, तीही आखडत गेलेली. रंग आला आणि मराठीचा वेळ कमी झाला, या दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या, पण पेढे फक्त पहिलीचे वाटले गेले.

१९८३ च्या ऑगस्टअखेर इन्सॅट-१ बी आकाशात गेला आणि १९८४ मध्ये लहान क्षमतेचे प्रक्षेपक देशभर इतक्या झपाट्यानं बसवले गेले की काही महिने रोज एक, असा हिशेब सांगितला जायचा. हा लहान प्रक्षेपक म्हणजे काय? गावात एक खांब, एक मोठी थाळी. थाळीनं उपग्रहावरून दिल्लीचं चित्र घ्यायचं आणि खांबानं गावात वाटायचं. त्यात स्वतःचं असं काही बोलण्याची सोय नाही. आमच्याकडं टीव्ही आला तो असा, दिल्लीहून थेट. मुंबईला तेरा वर्षं उशीर झाला म्हणतात, आमच्याकडं मुंबईनंतर आणखी डझनभर वर्षं गेली. आला तेव्हा त्यात ‘हम लोग’ होतं, मग ‘बुनियाद’, मग १९८७ च्या जानेवारीपासून रविवार सकाळचं ‘रामायण’. मी ते सगळं आवडीनं पाहिलं, खोटं कशाला बोलू? लाजोजीसाठी रडलेही. पण घरात जी भाषा बोलतो ती त्या पेटीतून कधीच ऐकू येत नव्हती आणि त्याचं नवलही वाटेनासं झालं होतं, हे आज जास्त टोचतं.

दिल्लीच्या या वर्चस्वाबद्दल दिल्लीतच बोललं गेलं होतं. डॉ. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. भारतीय टीव्हीला स्वतःचा चेहरा कसा असावा हा तिचा विषय. १९८५ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. सगळं दिल्लीत ठरतं यावर त्यात कडक टीका होती आणि पडद्यावर बाई कशी दाखवतात यावरही. सरकारी समितीनं तेव्हा या दोन गोष्टी एकत्र मांडल्या याचं मला फार अप्रूप वाटतं. दूरच्या माणसाला आणि घरातल्या बाईला सारख्याच सवयीनं गृहीत धरतात, हे कुणाला तरी दिसलं होतं. अहवालाचं पुढं काय झालं म्हणाल, तर अहवालांचं होतं तेच.

यथावकाश प्रत्येक राज्यातले लहान प्रक्षेपक त्या त्या राजधानीच्या केंद्राला जोडले जाऊ लागले, संध्याकाळचे काही तास तिथले कार्यक्रम मिळू लागले. सांगली-कोल्हापूरकरांना मुंबई दिसू लागली. आम्हाला अर्थातच बंगळूर. १९५६ मध्ये नकाशावर रेघ ओढली गेली होती, तिचा आता टीव्हीतही खटका बसला. कागलच्या चुलतबहिणीकडं मराठी बातम्या आणि पुढच्या स्टॉपवर, निपाणीला, कन्नड बातम्या.

इथं मी एक स्पष्ट करते, नाहीतर वाचणाऱ्या कुणाचा गैरसमज व्हायचा. कन्नड मला परकी नाही. आपल्या समाजात निम्मी नाती कन्नड बोलणाऱ्या घरांशी आहेत, आणि कन्नडचा आदिकवी पंप जैन, पोन्न जैन, रन्न जैन. ज्या भाषेनं आदिनाथांचं चरित्र दहाव्या शतकात काव्यात गायलं तिच्या बातम्या घरात आल्या म्हणून रडायचं काही कारण नव्हतं. बंगळूरचे कार्यक्रमही चांगले असायचे. आमचं म्हणणं इतकंच होतं की ‘प्रादेशिक’ म्हणजे प्रदेशाचं ना? मग प्रदेश कशाला म्हणायचं? माणसं जिथवर एक भाषा बोलतात तो प्रदेश, की तहसीलदाराचा शिक्का जिथवर चालतो तो?

श्रवणबेळगोळला गेलात तर गोमटेश्वरांच्या पायाशी पाहा. दर्शनाच्या घाईत आपण पाहत नाही. डाव्या-उजव्या बाजूला दगडात ओळी कोरल्या आहेत. कन्नड आहे, तमिळ आहे, आणि मराठीही आहे, चामुंडरायानं मूर्ती करवली हे सांगणारी. मराठीतल्या अत्यंत जुन्या शिलालेखांपैकी तो एक मानतात. कर्नाटकाच्या पार पोटात, म्हैसूरच्या बाजूला! ज्यानं कुणी ते कोरायला सांगितलं त्याला ठाऊक होतं की इथं दर्शनाला येणारे लोक तिन्ही भाषांचे आहेत. येणारा कोण आहे ते पाहून त्यानं भाषा ठरवली, जमीन कुणाची आहे ते पाहून नव्हे. हजार वर्षांपूर्वी हे सुचत होतं.

आम्हाला मराठी टीव्ही मिळाला तो कुणी आमचं म्हणणं ऐकलं म्हणून नाही. बाजारानं दिला. २ ऑक्टोबर १९९२ ला, मुंबई केंद्राला बरोबर वीस वर्षं झाली त्याच दिवशी, झी टीव्ही सुरू झाला. गल्लीबोळातून काळ्या वायरी लोंबू लागल्या, केबलवाला नावाचा नवा माणूस दर महिन्याला दारात उभा राहू लागला. प्रेक्षक निघून चालले म्हटल्यावर दूरदर्शननंही हालचाल केली. १५ ऑगस्ट १९९४ ला भाषावार उपग्रह वाहिन्या सुरू केल्या. मराठीची ती डीडी-१०. नावात काही रस नाही, पोत्यावर नंबर टाकावा तसं. पण ती उपग्रहावरून येत होती. उपग्रहाला सिंहगड नाही, निपाणी नाही, तवंदी घाट नाही. केबलवाल्यानं थाळी तिकडं वळवली की इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, कुठंही मराठी. मुंबई केंद्र सुरू झाल्यापासून बावीस वर्षांनी.

त्यातही केबलवाल्याची मर्जी राखावी लागायची. वाहिन्या जास्त आणि त्याच्या यंत्रात जागा कमी. आमच्या भागात एकदा त्यानं डीडी-१० काढून तिथं सिनेमाची वाहिनी घातली. तेव्हा आमच्या मंदिरातल्या महिला मंडळाच्या आठ-दहा बायका त्याच्या दुकानात गेल्या. पर्युषणाचे दिवस होते. त्यातल्या एक काकू त्याला म्हणाल्या, “आज आम्ही क्षमा मागायच्या-करायच्या दिवसांत आहोत म्हणून शांतपणे सांगतोय, उद्यापर्यंत लाव.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मराठी बातम्या लागल्या. प्रदीप भिड्यांचा तो भारदस्त आवाज. मुंबईच्या लोकांना तो वर्षानुवर्षं सवयीचा होता, इतका की त्यांना तो ऐकूही येत नसेल. आमच्या काकू टीव्हीसमोर बसून एकेक शब्द ऐकत होत्या.

५ एप्रिल २००० ला डीडी-१० चं नाव ‘सह्याद्री’ झालं. नाव सुंदर आहे. ज्या डोंगरानं इतकी वर्षं चित्र अडवलं त्याचंच नाव मिळालं, हे ठेवणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. त्याच सुमारास खासगी मराठी वाहिन्याही आल्या, अल्फा मराठी १९९९ मध्ये, ई टीव्ही मराठी २००० मध्ये. दोन-तीन वर्षांपूर्वी एक वाहिनी मिळवण्यासाठी दुकानात गेलेल्या बायकांना आता कुठली पाहू असं झालं.

तरी ‘दामिनी’ सह्याद्रीची. दुपारची रोजची मालिका, प्रतीक्षा लोणकर पत्रकार बाईच्या भूमिकेत. मराठीतली पहिली दैनंदिन मालिका म्हणून तिचं नाव घेतात. दुपारची वेळ ही आपली वेळ. भांडी झालेली, मुलं शाळेत, दूधवाला यायला अवकाश. त्या अर्ध्या तासात एक बाई वर्तमानपत्रात नोकरी करत होती, बातमीच्या मागं लागत होती, मोठ्या माणसांना प्रश्न विचारत होती. नंतरच्या मालिकांतल्या बायका जरीच्या साड्या नेसून घरातच कटकारस्थानं करताना पाहिल्या की मला दामिनी आठवते. पैशानं पडदा झगमगीत झाला, पण त्यातली बाई नोकरी सोडून घरी येऊन बसली. स्मिता पाटील बातम्या वाचत होत्या तेव्हापासूनचा हा उलटा प्रवास कसा झाला, हे कुणीतरी अभ्यास करून लिहायला हवं.

तो अभ्यास करणाराची एक अडचण मात्र होणार. त्या काळी टेपा महाग होत्या. कार्यक्रम एकदा दाखवून झाला की टेप पुसून तिच्यावर दुसरा घ्यायचे. बातम्या तर थेटच जायच्या. त्यामुळं सुरुवातीच्या वर्षांतलं पुष्कळ काही उरलेलंच नाही. ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोक्यात आहे तेवढंच, आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मी आत्याकडून जमेल तेवढं वहीत उतरवून घेतलं आहे. तिला कार्यक्रमांपेक्षा साड्या जास्त आठवतात. कुणी कुठल्या दिवशी कुठल्या काठाची नेसली होती तेही. “काळ्या-पांढऱ्यात रंग कसा कळला गं?” म्हटलं तर म्हणाली, “कळायचा की.”

मनोऱ्यावरून होणारं ते जुनं प्रक्षेपण गेल्या काही वर्षांत जवळजवळ सगळीकडं बंद झालं. घरावरचे ॲल्युमिनियमचे काटेरी अँटेना भंगारात गेले. सह्याद्री आता दूरदर्शनच्या मोफत थाळीवर लागते, भाडं नाही, केबलवाला नाही. आमच्या सासूबाईंच्या खोलीत दिवसभर तीच चालू असते. ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा. सकाळी स्वयंपाकघरात भाजी चिरताना मला ‘आमची माती, आमची माणसं’मधली सोयाबीनवरची माहिती ऐकू येते आणि शेजारच्या कन्नड घरातली आज्जी खिडकीतून विचारते की, आज मुंबईकडं पाऊस किती सांगितलाय.